जुना पंप पुन्हा कोणी घडवायचा? यंत्रनिर्मात्या कंपन्यांना एक खुले पत्र

प्रति,
यंत्रे आणि वाहने बनवणाऱ्या कंपन्यांची संचालक मंडळे,
तसेच त्यांच्यासाठी नियम लिहिणारे सरकारी विभाग

विषय : वापरलेले सुटे भाग पुन्हा घडवण्याचा हक्क आणि जबाबदारी

सन्माननीय संचालकहो,

गेली २२ वर्षे मी हायड्रॉलिक पंप उघडते आहे. खोदकामाची यंत्रे, क्रेन, प्रेस, मोल्डिंगच्या मशिनी अशा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांवरून उतरवलेले पिस्टन पंप आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. आम्ही ते पूर्ण सुटे करतो, धुतो, एकेक भाग मोजतो. झिजलेला भाग बदलतो किंवा घासून पुन्हा सपाट करतो. पंप टेस्ट बेंचवर चढवतो, पूर्ण दाबावर चालवून पाहतो आणि नव्या पंपाइतकी वॉरंटी देऊन परत पाठवतो. या कामाला पुनर्निर्मिती म्हणतात. कामावर आम्ही नुसते ‘रीमॅन’ म्हणतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पंपाला ‘कोअर’.

मागच्या महिन्यात आपल्यापैकी एका कंपनीचे परिपत्रक माझ्या हाती आले. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही. एका कंपनीशी भांडायला मी बसलेली नाही, आणि असे परिपत्रक उद्या आपल्यापैकी कोणीही काढू शकेल. त्यात तीन निर्णय होते. जुना पंप कंपनीच्याच केंद्रावर जमा केला तरच नव्या पंपावर सवलत मिळेल. वॉल्व्ह प्लेट, सिलिंडर ब्लॉक आणि मुख्य बेअरिंग यापुढे सुटे विकले जाणार नाहीत, घ्यायचा तर पूर्ण पंप घ्यावा लागेल. पंपावरच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची जोडणी फक्त अधिकृत केंद्रातल्या सॉफ्टवेअरने होईल. या तिन्हींचे कारण दिले होते ‘शाश्वत पुरवठा साखळी’.

जमा झालेल्या पंपांचे पुढे काय होते, हे मी त्या केंद्रात फोन करून विचारले. ज्या माणसाने फोन उचलला तो नीट बोलला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो म्हणाला, या मॉडेलसाठी कंपनीचा रीमॅन विभाग नाही. पंप पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्याचे हाऊसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, फोडतात आणि धातू वितळवायला पाठवतात.

फोन ठेवल्यावर मी रॅकपाशी जाऊन उभी राहिले. त्याच मॉडेलचे ११ पंप तिथे ठेवलेले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली आहे, तिच्यावर मापे लिहिलेली आहेत. त्या अकरांपैकी एकाचेही हाऊसिंग खराब नाही.

ज्यांनी पंप कधी आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नसावा असे मला वाटते. पिस्टन पंपाचे हाऊसिंग ओतीव लोखंडाचे असते. हाऊसिंग, मागचे झाकण, शाफ्ट, स्वॉश प्लेटचा (पिस्टनना पुढेमागे ढकलणाऱ्या तिरक्या तबकडीचा) आधार हे भाग वर्षानुवर्षे तेलात राहतात, आणि पंप बंद पडतो त्या दिवशीही बहुतेक वेळा मापात असतात. खराब होते ते थोडेच असते. वॉल्व्ह प्लेट आणि सिलिंडर ब्लॉक एकमेकांवर फिरतात ते पृष्ठभाग, पिस्टनच्या टोकाचे बूट, बेअरिंग आणि सील. कारणही बहुतेकदा एकच सापडते, तेलातली घाण. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण दोन सपाट पृष्ठभागांमध्ये शिरतो आणि रेघ ओढतो. त्या रेघेतून दाबाखालचे तेल निसटू लागते. पंप तापतो, आवाज करू लागतो, आणि एक दिवस दाब धरत नाही. मशीनवरचा माणूस म्हणतो, ‘पंप गेला.’ प्रत्यक्षात गेलेले असतात दोन तळहातांत मावतील एवढे भाग. बाकीचे जड लोखंड आणखी एक आयुष्य काढायला तयार असते.

ते लोखंड भट्टीत घालायचे म्हणजे काय? ओतीव लोखंड वितळायला साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मग ते पुन्हा साच्यात ओतायचे, थंड करायचे, मिलिंग करायचे, बोअर करायचे, ग्राइंडिंग करायचे. इतके सगळे करून हाती येणारे हाऊसिंग असते त्याच मापाचे, जे फोडण्यापूर्वीही होतेच. भट्टीत धातू वाचतो. त्या धातूवर झालेले काम, त्यासाठी जळलेले इंधन आणि साधलेली अचूकता तिथेच संपते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आंतरराष्ट्रीय संसाधन मंडळाने २०१८ च्या अहवालात म्हटले आहे की योग्य क्षेत्रांत पुनर्निर्मितीमुळे नव्या सामग्रीची गरज ८० ते ९८ टक्क्यांनी कमी होऊ शकते. मला तो आकडा वाचून आश्चर्य वाटले नाही. आमच्या वजनकाट्यावर तो रोज दिसतो.

तेव्हा जुने भाग पुन्हा घडवावेत की नाही, यावर आपला आणि माझा वाद नसावा. आपल्या वार्षिक अहवालांतही हेच लिहिलेले असते. वाद आहे तो कोणी घडवावेत यावर.

हा धंदा मोठ्या कंपन्यांच्या आराखड्यांतून जन्मलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले. रस्त्यावरच्या गाड्या तर चालत्या ठेवायच्या होत्या. जुने स्टार्टर, जनरेटर, क्लच, कार्बुरेटर पुन्हा घडवणाऱ्या वर्कशॉपना तेव्हा महत्त्व आले. कंपन्याही यात उतरल्या, आणि ज्या मनापासून उतरल्या त्यांनी उत्तम काम केले, हे मी मोकळेपणाने मान्य करते. रेनोने १९४९ पासून पॅरिसजवळच्या शोआझी-ल-र्‍वा इथे इंजिने आणि गिअरबॉक्स पुन्हा घडवले. कॅटरपिलरने १९७३ मध्ये रीमॅन सुरू केले. नवा भाग देताना अनामत घ्यायची आणि जुना कोअर परत आला की ती परत करायची, ही त्यांची पद्धत आज साऱ्या धंद्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०१२ मध्ये मोजणी केली तेव्हा त्या एका देशात या कामावर १,८०,००० पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या होत्या. त्यात मोठ्या कंपन्या होत्या आणि आमच्यासारखी वर्कशॉपही होती. या कामात दोघांनाही जागा आहे आणि दोघांचीही गरज आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की, आपण कोअर गोळा करता ते पुन्हा घडवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या कोणाला घडवता येऊ नयेत म्हणून. हा आरोप जड आहे, याची मला जाणीव आहे. पण ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या संशयापुरती राहिलेली नाही. मार्क फर्ग्युसन आणि बेरिल टोकटाय या अभ्यासकांनी २००६ मध्ये गणिताने दाखवून दिले की, स्पर्धक नसता तर जी कंपनी जुन्या वस्तूंना हातही लावणार नाही, ती स्पर्धक बाजारात येण्याची शक्यता दिसली की केवळ त्याची वाट अडवण्यासाठी जुन्या वस्तू गोळा करू शकते. नव्या पंपाची विक्री घटेल ही आपली भीती मला समजते. धंदा मीही करते. पण ग्राहकाने सवलतीच्या बदल्यात दिलेला चांगला कोअर फोडायचा आणि वर्षअखेर अहवालात त्याचे वजन ‘पुनर्चक्रित धातू’ म्हणून लिहायचे, हे मला पटत नाही. वाचणाऱ्याला वाटते की काहीतरी वाचले. प्रत्यक्षात पुनर्निर्मितीने जे वाचले असते त्यातले बहुतेक सगळे तिथे गेलेले असते. कोअर मिळाले नाहीत तर आमचे टेस्ट बेंच कितीही चांगले असले, कारागीर कितीही कसबी असले तरी उपयोग नाही. या धंद्यात कच्चा माल एकच आहे, आणि तो आपण कुलूपबंद करत आहात.

दुसरी तक्रार सुट्या भागांची. एक उदाहरण देते. एका प्रेसचा पंप आमच्याकडे आला. सिलिंडर ब्लॉक लॅपिंगने, म्हणजे बारीक घासून, सपाट झाला, वॉल्व्ह प्लेटही झाली, पिस्टन आणि बूट मर्यादेत होते. अडले ते एका बेअरिंगवर. बेअरिंग नेहमीच्याच घराण्यातले होते, पण एका बाजूची रुंदी कंपनीने खास करून घेतलेली, त्यामुळे बाजारात त्याला पर्याय नाही. आम्ही कंपनीकडे मागितले. उत्तर आले की ते फक्त पूर्ण पंपाबरोबर मिळते. पूर्ण पंप यायला चार महिने लागणार होते. चार महिने ती प्रेस उभी राहिली आणि तिच्यावर काम करणारी माणसे दुसऱ्या पाळीत विखुरली गेली. बाकी सगळा पंप तयार होऊन माझ्या टेबलावर कापडाखाली पडून होता. त्याच्याजवळून जाताना प्रत्येक वेळी मला अपमान झाल्यासारखे वाटे. एवढे लोखंड, एवढी मेहनत, आणि अडकले कशावर, तर मुठीत मावणाऱ्या बेअरिंगवर, जे आपल्या गोदामात होते.

तिसरी तक्रार सॉफ्टवेअरची. पंप यांत्रिकदृष्ट्या नव्यासारखा झाला, बेंचवर पास झाला, मशीनवर बसवला, आणि मशीन म्हणते की हा कंट्रोलर माझ्या ओळखीचा नाही. भाग आपलाच आहे, अस्सल आहे, फक्त त्याचा क्रमांक या मशीनशी जोडलेला नाही. अशा जोडणीला कायद्याने आळा घालायला सुरुवात झाली आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये ग्राहकांच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तसा कायदा केला. युरोपीय संघाने त्याच वर्षी दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. घरगुती यंत्रे आणि फोन अशा ठरावीक वस्तूंच्या दुरुस्तीत करारातल्या अटी, हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर वापरून विनाकारण अडथळे आणायला त्याने मनाई केली आहे. कारखान्यातली आणि बांधकामावरची यंत्रे मात्र या कायद्यांच्या बाहेर राहिली. जिथे एकेका भागात सर्वांत जास्त लोखंड आहे तिथेच दार बंद आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. पूर्वी बोल्टने जोडलेली झाकणे आता चिकटवून किंवा वेल्ड करून येतात. उघडताना हाऊसिंगच तुटते.

पाचवी तक्रार शब्दांची आहे, पण तिने मला सर्वांत जास्त दुखावले आहे. परिपत्रकात आमच्यासारख्यांनी घडवलेल्या भागांचा उल्लेख ‘बनावट आणि अनधिकृत’ असा एका दमात केला आहे. बनावट म्हणजे खोट्या नावाचा. आपण पंपावर घातलेले नाव आम्ही खोडत नाही आणि त्या नावावर आमचे काम खपवतही नाही. पंपावर आमची पट्टी असते, तिच्यावर आमचे नाव, तारीख आणि बेंचवरचा गळतीचा आकडा असतो. आमच्याकडे लॅपिंग करणारे कारागीर हाताने प्लेट फिरवत काही मायक्रॉनपर्यंत सपाटी आणतात, काचेखाली तपासतात, समाधान झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून घासतात. त्यांच्या कामाला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे.

इथे माझ्याच धंद्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जुना पंप वरून धुऊन, नवा रंग मारून, आतला एक सील बदलून ‘रीमॅन’ म्हणून विकणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे मशिनी बिघडतात, माणसांना इजा होते आणि आमचे नाव जाते. त्यांना आवर घातला पाहिजे, हे आपल्याइतकेच मलाही वाटते. त्यासाठी व्याख्या आधीच लिहिलेली आहे. बीएस ८८८७-२ या २००९ च्या ब्रिटिश मानकानुसार पुनर्निर्मित वस्तूची कामगिरी किमान मूळ वस्तूइतकी हवी आणि वॉरंटी नव्या वस्तूइतकी किंवा तिच्याहून चांगली हवी. दुरुस्तीत बिघडलेला भाग चालू होतो, एवढेच अपेक्षित असते. पुनर्निर्मितीत संपूर्ण वस्तू नव्याच्या बरोबरीला यावी लागते. हा फरक कायद्यात येऊ द्या. रंग मारणारे त्यातून आपोआप बाहेर पडतील आणि आम्ही आनंदाने परीक्षा देऊ.

आपला मुख्य मुद्दा सुरक्षिततेचा असतो, म्हणून त्यावर जरा थांबते. ज्याने वस्तू बनवली नाही त्याने ती पुन्हा घडवणे धोक्याचे आहे, असे आपण म्हणता. विमानाच्या इंजिनाइतकी जोखमीची वस्तू दुसरी कोणती दाखवता येईल? आकाशात इंजिन बंद पडले तर बाजूला घेऊन उभे राहता येत नाही. तरीही विमानांच्या जगात इंजिने आणि त्यांचे भाग पूर्ण उघडून पुन्हा उभे करण्याचा हक्क फक्त निर्मात्याकडे नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या आणि युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या नियमावलीत ‘भाग १४५’ आहे. त्याखाली मान्यता मिळालेली स्वतंत्र केंद्रे हे काम करतात. केंद्राची उपकरणे तपासली जातात, माणसांची पात्रता तपासली जाते, प्रत्येक भागाबरोबर सही केलेले प्रमाणपत्र जाते. आणि देखभालीच्या सूचना ज्यांना पाळायच्या आहेत त्यांना त्या उपलब्ध करून देणे निर्मात्यावर बंधनकारक आहे. ज्या पद्धतीवर माणसे विमानात बसतात, ती पद्धत प्रेसच्या पंपाला का चालू नये, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

निर्मात्याने केले तर जास्त चांगले होईल असे काहीच नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. नवे मॉडेल बाजारात आल्यावरची पहिली काही वर्षे त्याचे कोअर निर्मात्याकडेच जावेत असे मला वाटते. डिझाइन अजून बदलत असते, आणि आतली झीज पाहिल्याशिवाय डिझाइन सुधारत नाही. ब्रेकचे आणि एअरबॅगचे इलेक्ट्रॉनिक भाग निर्मात्याने किंवा त्याने परवाना दिलेल्यानेच हाताळावेत. एकाच प्रकारची हजारो इंजिने दरवर्षी परत येत असतील तर त्यासाठी लाइन लावलेला मोठा कारखाना आमच्यापेक्षा सरस ठरेल, कारण नवे भाग त्याला उत्पादनखर्चात मिळतात आणि मूळ ड्रॉइंग त्याच्या हातात असतात.

पण कोअर असे एकसारखे येत नाहीत. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो. एकाचा शाफ्ट सरळ असतो आणि ब्लॉक गेलेला असतो, दुसऱ्याचे उलटे असते, तिसऱ्यात पाणी शिरून गंज चढलेला असतो. कारखान्याच्या लाइनला हा वेगळेपणा सोसत नाही. वर्कशॉप त्यासाठीच असते. मॉडेल १५ वर्षांचे झाले, त्याची संख्या घटली, यंत्रे लांबलांब विखुरली, की आपल्या कारखान्याला ते परवडत नाही आणि आपण त्याचे भाग यादीतून काढता. त्याच वेळी आमचे काम सुरू होते. शिवाय कोअर गोळा करण्याचे काम ग्राहकाच्या जवळ असणाऱ्यानेच करावे, हेही अभ्यासातून आलेले आहे. सावाशकान, भट्टाचार्य आणि व्हॅन वासेनहोव यांनी २००४ मध्ये निर्माता, विक्रेता आणि तिसरा पक्ष अशा तिघांची तुलना केली. त्यांच्या मांडणीत ग्राहकाच्या सर्वांत जवळ असलेला विक्रेता गोळा करण्यात सर्वांत परिणामकारक ठरला. जड लोखंड दूरच्या मध्यवर्ती केंद्रात नेऊन फोडण्याची पद्धत त्या हिशेबातही बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहिली आहे. काही वर्षांपूर्वी एकाच मॉडेलच्या नऊ पंपांमध्ये मला तीच झीज दिसली, मागच्या बेअरिंगच्या त्याच कडेला. तेल तिथपर्यंत नीट पोचत नव्हते. मी फोटो काढले, मापे लिहिली आणि निर्मात्या कंपनीला पाठवली. अनधिकृत केंद्रांशी तांत्रिक चर्चा करत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. मला त्या बदल्यात काहीही नको होते. नऊ ग्राहकांचे पंप ज्या कारणाने गेले ते दहाव्याचा जाऊ नये, एवढेच हवे होते. आपण जे पंप न उघडताच फोडता, त्यांच्या आत काय लिहिलेले होते हे आपल्या डिझायनरलाही कधी कळणार नाही.

सरकारी विभागांना एक विनंती. वस्तू विकल्यानंतर तिच्यावर निर्मात्याचा हक्क किती उरतो, यावर न्यायालयांची मते जुळत नाहीत. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रिंटरच्या शाईची जुनी काडतुसे (कार्ट्रिज) धुऊन पुन्हा भरणाऱ्याविरुद्ध कॅननच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर काडतुसांच्या खटल्यात सांगितले की, वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटहक्क संपतो. एक वर्कशॉप चालवणारी बाई प्रत्येक पंपासाठी न्यायालयात जाऊ शकत नाही. हे नियमात स्पष्ट लिहा.

माझ्या मागण्या अशा :

१. जो कोअर गोळा केला तो निर्मात्याने ठरलेल्या मुदतीत, समजा सहा महिन्यांत, स्वतः पुन्हा घडवायला घ्यावा. घ्यायचा नसेल तर मान्यताप्राप्त पुनर्निर्मात्याला रास्त दरात द्यावा. तपासणीत निकामी ठरलेला कोअर तेवढा भट्टीत जावा. हक्क राखून ठेवायचा आणि काम मात्र करायचे नाही, ही सवलत कोणालाच नसावी.

२. अहवालात पुन्हा घडवलेले, विकलेले, फोडलेले आणि वितळवलेले भाग वेगवेगळे दाखवावेत. या सर्वांना ‘पुनर्चक्रण’ या एका शब्दाखाली घालू नये.

३. झिजणारे भाग मॉडेल बंद झाल्यानंतरही किमान दहा वर्षे सुटे विकावेत.

४. बेंचवरच्या चाचणीची मूल्ये, झिजेच्या मर्यादा आणि कंट्रोलर जोडणीचे सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त केंद्रांना रास्त शुल्कात मिळावे. ज्यात सुरक्षिततेचे खरे कारण आहे ते भाग वगळावेत, पण ते कारण लिहून द्यावे आणि ते तपासण्याचा अधिकार तिसऱ्या संस्थेला असावा.

५. पुनर्निर्मितीची व्याख्या आणि केंद्रांची मान्यता कायद्यात आणावी. निर्मात्याच्या स्वतःच्या केंद्रांनाही तीच परीक्षा असावी.

६. त्या परिपत्रकातला ‘बनावट’ हा शब्द मागे घ्यावा.

मला या पत्राचे उत्तर हवे आहे, आणि उत्तराआधी एक भेट हवी आहे. त्या ११ पंपांपैकी सात आम्ही पूर्ण केले आहेत. उरलेल्या चारांना ब्लॉक हवे आहेत, जे आता सुटे मिळत नाहीत. आपला एक अभियंता पाठवा. सातांपैकी कोणताही एक पंप त्याने निवडावा, स्वतःचे मीटर आणावेत, आणि पूर्ण दाबावर त्याची केस ड्रेनची, म्हणजे आतून निसटून कवचात येणाऱ्या तेलाची, गळती मोजावी. शेजारी आपलाच नवा पंप लावू. दोन्ही आकडे, ते काहीही असले तरी, मी याच पत्राखाली छापीन.

बेंच सकाळी आठ वाजता सुरू होते.

आपली,
हायड्रॉलिक पंप पुन्हा घडवणारी एक अभियंता